मयेच्या शेतातला ‘सायबेरियन हंस’ आणि मारून पुरण्याचा सल्ला

काल गोव्यातल्या मयेहून मावशीचा फोन. शेतात मोठा पक्षी बसलाय, आणि मोबाइलवर आलेल्या मेसेजमुळे ती विचारत होती, "बाय, दांडा घालून पुरून टाकू काय त्याला?" तो मेसेज मलाही आता तीनदा आला आहे: सायबेरियाचा राजहंस भर आषाढात गोव्यात, ऋतूबाहेर आला म्हणजे बर्ड फ्लू, दिसला की मारून पुरा, ही पुराची खूण.

आधी मेसेजसोबतचा फोटो नीट बघा! चोच काळी, तिच्या मुळाशी कपाळावर टपोरी गाठ, मानेमागून खाली उतरणारा तपकिरी पट्टा, लोंबणारं जाड पोट. हा पाळीव चिनी हंस आहे. त्याचा रानटी पूर्वज मंगोलियाकडचा, आणि त्याला ही गाठ नसते. आपल्याकडे हिवाळ्यात उजनी धरणावर येतो तो रानटी हंस म्हणजे पट्टकादंब: पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे, पिवळसर नारिंगी चोच, टोक काळं. पहिल्या वर्षाच्या पिल्लांना ते पट्टे नसतात, म्हणून नुसते पट्टे शोधत बसू नये, गाठ आहे का ते बघावं. दुसरा रानटी हंस कलहंस, त्याची चोच आणि पाय गुलाबी.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी पट्टकादंबाला हिवाळी पाहुणा म्हटलं आहे, वीण लडाख-तिबेटात. मग आषाढात हंस दिसला तर पहिली शंका कुणाच्या अंगणातून सुटला ही, दुसरी पंख जायबंदी झाला ही. फ्लूची नव्हे.

फ्लूची गोष्ट अगदीच खोटी नाही, हे मान्य करावं लागतं. 2005 साली चीनच्या चिंगहाय सरोवरावर एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूने हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब सर्वाधिक. पण म्हणूनच हा सल्ला भयंकर आहे. पक्षी खरंच आजारी असेल, तर त्याला दांडा मारणारा, रक्त-विष्ठेत हात घालणारा, खड्ड्यात ढकलणारा माणूसच सगळ्यात आधी विषाणूच्या तोंडी जातो. मेलेला किंवा डोलणारा पक्षी दिसला तर हात लावू नये, कोंबड्या दूर ठेवाव्यात आणि पशुवैद्यकीय खात्याला कळवावं. आणि तो रानटी निघाला, तर मारणं हा 1972च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

पुराच्या खुणेबद्दल काय बोलू? पाणी चढतं ते पावसाने आणि भरतीने.

मावशीला सांगितलं: वीस पावलांवरून चोचीचा आणि पायांचा फोटो काढ. पायात आकड्याचं कडं असलं तर आकडा लिहून घे. आणि पलीकडच्या वाड्यावर कुणाचा हंस सुटलाय का, ते विचार. आज सकाळी फोटो आला. गाठ स्पष्ट दिसते आहे.