रेझ्युमेत लेझीम हवंच

टीवायला आलात, प्लेसमेंट सेलने रेझ्युमे मागितला आणि नाव, पत्ता, मार्क लिहून झाल्यावर पाऊण पान पांढरंफटक उरलं? साहजिक आहे. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या समाजसेवेचे, वर्षाला १२० तास भरायचे कधी? तेवढे तर दोन महिन्यांत विरार लोकलमध्येच जातात. घाबरू नका. कपाटावरची शाळेच्या सर्टिफिकेटांची फाइल काढा. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत जपलीय ती याच दिवसासाठी.

सुरुवात इंटरमिजिएट चित्रकलेपासून करा. त्या ग्रेडचे वाढीव मार्क दहावीतच वसूल झालेत म्हणून काय झालं? उद्या अंधेरीच्या बॅक ऑफिसात कोणी स्थिरचित्र काढायला सांगितलं तर? मग सहावीतली होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा. लेखीतच गळलात हे लिहायचं नाही, 'सहभाग' लिहायचं. आरएसपीत, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलमध्ये, शाळेच्या फाटकाबाहेर शिट्टी वाजवायचात, ते 'ट्रॅफिक मॅनेजमेंट'. (तेव्हाही रिक्षावाले थांबत नव्हते, ती गोष्ट वेगळी.) मॉनिटर असताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून फक्त मित्राचं पुसायचात, ते 'पीपल मॅनेजमेंट'. आणि १५ ऑगस्टच्या लेझीम पथकात तिसऱ्या रांगेत होतात, ते ठळक अक्षरांत.

एखादा शहाणा सीनियर सांगेल, की शाळेचं फार तर एफवायच्या पोराने लिहावं, पुढे काढून टाकावं. राष्ट्रीय पातळीवर खेळला असाल तरच एखादी ओळ ठेवावी. त्याचं ऐकू नका. त्याचा स्वतःचा रेझ्युमे एका पानाचा आहे. एका पानात काय माणूस मावतो?

एक पथ्य मात्र पाळा. तीन वर्षं रोज संध्याकाळी चाळीतल्या सात पोरांना गणित शिकवताय, किंवा गणपतीत मंडळाची वर्गणी पावतीपुस्तकाशी रुपयान् रुपया जुळवून देताय, हे चुकूनही लिहू नका. त्याला सर्टिफिकेट नाही, लॅमिनेशन नाही, प्रमुख पाहुण्यांच्या हातून घेतानाचा फोटो नाही. शिवाय इंटरव्ह्यूला समोरच्या मॅडमनी 'हिशोब कसा ठेवायचात?' असं विचारलं, तर अर्धा तास बोलत बसावं लागेल. लेझीमचं तसं नाही. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. फार तर हसतात, आणि 'कळवतो' म्हणतात.