खुट्ट

गतिरोधक आला की माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ‘खुट्ट’ असा आवाज यायचा. मी पुण्यात राहतो, त्यामुळे तो जवळजवळ अखंडच यायचा.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचं दार, थंडगार एसी, कॉफीचं मशीन, आणि टाय लावलेले चार सल्लागार. चौघांनी मिळून माझी तक्रार टॅबवर लिहून घेतली. ‘खुट्ट’साठी पर्याय नव्हता म्हणून ‘इतर’वर टिचकी मारली.

"गाडी कधी मिळेल?"

"सर, सध्या टेक्निशियन शॉर्ट आहेत."

काचेपलीकडे पाहिलं. सहा लिफ्ट, सहावर गाड्या, आणि त्यांच्यामधून पाना घेऊन पळणारा एकच पोरगा. लग्नात पंगतीला एकच वाढपी असावा तसा.

तिसऱ्या दिवशी त्या पोराने स्कॅनर जोडला. "एरर नाही सर."

"पण आवाज येतोय!"

"कॉम्प्युटरला येत नाहीये."

आता स्कॅनर वाचणार ते सेन्सरने सांगितलेलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले आणि गाड्यांत सेन्सरची आणखीच भाऊगर्दी झाली. नटबोल्ट बिचारे अजून निरक्षरच. सैल झाले तरी कळवणार कुणाला?

पोराची चूक नव्हती. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून नुकताच आलेला, आणि हाताला धरून शिकवायला वर कुणी उरलेलंच नव्हतं. हात बसला की एक जण आखातात जातो, दुसरा स्वतःचं गॅरेज टाकतो आणि ज्याला जरा गोड बोलता येतं त्याला टाय बांधून काउंटरवर बसवतात. तरीच तिथे चौघं होते!

शेवटी "दोन्ही शॉकअप बदलून बघू" असं ठरलं. ‘बघू’ त्यांचं, बिल माझं. मी नको म्हणालो. गाडी मात्र चकाचक धुऊन मिळाली. धुणाऱ्यांचा तुटवडा नसावा.

निघताना सगळ्यात वयस्कर सल्लागार पार्किंगपर्यंत आला. इकडेतिकडे बघत त्याने जॉबकार्डाच्या मागे एक मोबाईल नंबर लिहिला. "आमचेच मामा. गेल्या महिन्यात सोडून गेले. मी पण माझी गाडी तिथंच टाकतो."

मामांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि खाली डबकं. त्यांनी गाडीच्या नाकावर दोन्ही हातांनी भार देऊन दोनदा दाबलं, कान लावला, मग आडवे होऊन खाली सरकले.

"लिंक रॉडचा नट ढिलाय." पाना दोनदा फिरला. "द्या शंभर रुपये. एवढ्यासाठी शॉकअप बदलत होते होय?"

संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमधून मुलीचा फोन. "सर, आमच्या टेक्निशियनच्या कामाला दहापैकी किती?"

"दहा," मी म्हणालो. "पण तो गेल्या महिन्यापर्यंत तुमचा होता."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळू आवाजात विचारलं, "सर, मामा स्कूटीपण बघतात का हो?"