सहकारनगरच्या काकांना: काकूंची धडधड आणि फाइलवरचा शेरा

काका, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले. क्लिनिकमधून घरी आल्यावर लिहायचं त्राण उरत नाही.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. काकूंच्या खालच्या दाढेत सिमेंट भरायचं होतं. सुई टोचल्यावर मिनिटभरात छातीत धडधड आणि हातांना कापरं. डॉक्टर म्हणाले, 'घाबरल्यात हो', आणि वर फाइलवर शेरा मारला, 'इंजेक्शनची ॲलर्जी'. मी मात्र दाताच्या इंजेक्शनबद्दल आधीच 'भूल अगदी सुरक्षित' असं लिहून मोकळी.

'अगदी' मागे घेते. पण हे दोन्ही निदान एकाच वेळी कसं खरं असेल, हे मलाही कळलेलं नाही.

मी काकूंना तपासलेलं नाही. तरी वर्णनावरून मला हे भुलीच्या इंजेक्शनमधल्या ॲड्रेनॅलिनचं काम वाटतं. बधिर करतं ते लिग्नोकेन, पण त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि ते लगेच वाहून जातं. नुसत्या लिग्नोकेनवर दाढ जेमतेम ५-१० मिनिटं बधिर राहते. तेवढ्यात कीड कोरूनही होत नाही. म्हणून त्यात रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, ८०,००० भागांत १ भाग. २ मिलीत ते २५ मायक्रोग्रॅम भरतं. हृदयरोग्याला आम्ही ४० च्या पुढे जात नाही. हेच चुकून शिरेत गेलं, तर दोन-चार मिनिटं छातीत लक्ष्मी रोडवरचं ढोलपथक. खालच्या दाढेची सुई खोल जाते आणि रक्ताची शीर तिथे मज्जातंतूच्या शेजारीच असते. म्हणून औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढायचा. नळीत लाल रेघ दिसली की सुई हलवायची. एवढं करूनही कधी चुकतं. माझंही चुकलंय.

ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वास लागतो. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ. प्रोकेन या भुलीच्या जुन्या औषधाची जास्त दिसायची, पण ते वेगळ्या कुळातलं. कधी दोष बाटलीतल्या प्रिझर्वेटिव्हचा निघतो. म्हणून शेरा स्वतः खोडू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तो तसाच राहिला तर पुढचा डॉक्टर भूल द्यायलाच कचरेल.

'यापुढे भुलीशिवायच कोरू,' असं तुम्ही लिहिलंत. काका, तसं नका करू. कळ आली की शरीर स्वतःचं ॲड्रेनॅलिन सोडतं, आणि त्याला सिरिंजसारखं माप नसतं.

आता माझा प्रश्न. काकू 'बीपीची एक छोटी गोळी' घेतात म्हणालात. ती कोणती? प्रोप्रॅनोलॉल असेल (मायग्रेनसाठीही देतात), तर ॲड्रेनॅलिनबरोबर बीपी चढू शकतं आणि भुलीचा डोस हात राखून द्यावा लागतो. त्या दिवशी हे कुणी विचारलं होतं का? पुढच्या वेळी गोळ्यांची स्ट्रिपच बरोबर न्या, आणि खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.