टेबल मोडेपर्यंत

टीव्हीवरच्या कुस्तीची परीक्षणं लिहितो असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा जवळ सरकतो, आवाज खाली आणतो आणि मला धक्का बसू नये अशा बेताने विचारतो, "पण ते सगळं खोटं असतं ना?"

असतं. १९८९ साली खुद्द कंपनीनेच, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, की ही काही खरी स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. नायक आणि खलनायक चुकूनसुद्धा एका गाडीत दिसू नयेत, इतक्या कसोशीने या धंद्याने ते गुपित जपलं होतं. शेवटी ते फुटलं कशासाठी, तर राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर चुकावा म्हणून. सत्याला वाचा फुटायला निमित्त काहीही पुरतं.

तेव्हा खोटेपणाबद्दल माझी तक्रार नाही. अंडरटेकर नावाचा पैलवान हा मेलेला माणूस आहे, हे १९९० पासून मी निमूटपणे मान्य केलं. २००० साली पंचाहत्तरी उलटलेल्या मे यंग या पैलवान बाई टीव्हीवर बाळंत झाल्या आणि मूल म्हणून त्यांना एक रबरी हात झाला, तेही मी पचवलं. माझं भांडण खोट्याशी नाही, खोट्यात केलेल्या कामचुकारपणाशी आहे.

परवाचाच भाग घ्या. कार्यक्रम कुठला आणि पैलवान कोण, हे सांगत बसत नाही. आधीच्या आठवड्याची नावं घातली तरी परीक्षण तसंच्या तसं लागू पडेल.

कार्यक्रम कुस्तीचा, पण पहिली वीस मिनिटं कुस्ती नसते. भाषण असतं. आधी चॅम्पियनचं गाणं येतं, मग धूर, मग ठिणग्या आणि सगळ्यात शेवटी चॅम्पियन. तो रिंगमध्ये चढतो, खांद्यावरचा बेल्ट सारखा करतो, माईक तोंडाशी नेतो आणि बोलत नाही. नुसता चारी बाजूंना बघतो. मग शहराचं नाव घेतो. शहराचं नाव घेतलं की लोक आनंदाने ओरडतात, मग ते शहर कुठलंही असो. मिक फोली नावाचा पैलवान तर अंगठा वर करून, तोंडभर हसून शहराचं नाव घ्यायचा. आपल्याला बनवलं जातंय हे लोकांना ठाऊक असायचं आणि तरी छप्पर उडायचं. परवाचा चॅम्पियन खलनायक असल्यामुळे त्याने शहराला नावं ठेवली. छप्पर तेवढंच उडालं. त्यानंतर तो वाक्यात जिथे जिथे श्वास घ्यायला थांबला, तिथे तिथे प्रेक्षकांनी "व्हॉट?" असं ओरडून घेतलं. हे व्यसन स्टीव्ह ऑस्टिन या पैलवानाने २००१ साली लावलं. ऑस्टिन निवृत्त झाला, "व्हॉट" काही झालं नाही.

मग नायकाचं गाणं वाजलं. नायक तावातावाने आला, रिंगमध्ये चढला आणि माईक मागून घेऊन आपली पाळी येईपर्यंत थांबला. ही शिस्त मला फार आवडते. "आज रात्री तुझी हाडं मोजून घेईन" हे वाक्य पुरं होईपर्यंत, ज्याची हाडं मोजायची आहेत तो गप्प उभा राहतो, मुद्देसूद उत्तर देतो, आणि मगच हातघाई. एवढ्यात सुटातले जनरल मॅनेजर आले आणि "तुम्हाला भांडायचंच आहे ना? मग आज शेवटचा सामना तुमचाच!" असं त्यांनी दरडावून सांगितलं. दोघांना जे हवं होतं तेच शिक्षा म्हणून देणारे हे जगातले एकमेव साहेब.

पडद्यामागच्या प्रसंगांबद्दल मी लिहायचं सोडून दिलं होतं, पण राहवत नाही. चॅम्पियन आपल्या खोलीत टीव्हीवर इतरांचे सामने बघतो. टीव्ही त्याच्या समोर नसतो, बाजूच्या भिंतीवर असतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसावा म्हणून हा गृहस्थ टीव्हीकडे खांदा करून उभा राहतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मैदानातली हालहवाल घेतो. एवढा पैसेवाला माणूस, पण त्याला कुणी खुर्ची फिरवून देत नाही. पुढच्याच प्रसंगात गाड्या उभ्या करायच्या जागेत कुणीतरी कुणाला लोखंडी शटरवर आपटलं. कॅमेरामनने सगळं चित्रण केलं, जवळून केलं, एकदा तर वाकून केलं. मदतीला हाक मात्र मारली नाही. अर्ध्या तासाने जनरल मॅनेजर "हे कुणी केलं?" म्हणून तपासाला लागले. त्या प्रेक्षागृहात हे न पाहिलेले तेवढे एकच होते.

परवा माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिने कुस्ती कधी पाहिलेली नाही. तिचा सगळा अभ्यास मालिकांचा. जोड्यांचा सामना सुरू होता.

"हा लाल चड्डीवाला कोण रे?"

"नायक. आणि तो कोपऱ्यात दोर धरून उभा आहे ना, तो त्याचा जिवलग मित्र. कित्येक वर्षांची जोडी आहे, आत्या."

आत्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "हा दगा देणार."

"अगं, कशावरून?"

"मार दुसराच खातोय, मग कॅमेरा सारखा याच्या तोंडाकडे का जातोय?"

या फाटाफुटीच्या शक्यतेवर मी आठवडेच्या आठवडे खर्च केले होते. मित्राची देहबोली, त्याने हात मिळवताना लावलेला उशीर, एकदा आधी निघून जाणं, अशा पुराव्यांवर परिच्छेद रचले होते. आत्याला एक मिनिट लागलं. मित्राने खुर्ची उचलली, घातली, प्रेक्षकांनी डोक्याला हात लावले, समालोचकाचा घसा बसला. आत्या म्हणाली, "पाठीत मारली ना? मग पुन्हा एक होतील. कायमचं तोडायचं असतं तर लग्नात तोडलं असतं." या कार्यक्रमांत लग्नंही लागतात आणि त्यांतलं क्वचितच एखादं धड पार पडतं, हे मी तिला सांगितलं नाही. उद्यापासून तिनेच परीक्षण लिहायला घेतलं असतं.

यानंतर मधला तास. डब्ल्यूडब्ल्यूईचा 'रॉ' हा दर आठवड्याचा कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला तेव्हा एका तासाचा होता, १९९७ साली दोन तासांचा झाला आणि २०१२ च्या जुलैत, हजाराव्या भागापासून, तीन तासांचा. कुस्तीच्या परीक्षकांचं आपापसात कधी जमत नाही, पण तिसऱ्या तासाने सगळ्यांना एकत्र आणलं. परवाच्या भागातही ऐसपैस जागा होती आणि ती भरायला जाहिराती होत्या. जाहिरातीची वेळ झाली की खलनायक नायकाची मान काखेत धरतो आणि दोघं मॅटवर बसतात. समालोचक सांगतो की नायकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येत आहे. प्रत्यक्षात दोघं दम खात असतात आणि पुढचं कसं करायचं ते एकमेकांच्या कानात सांगत असतात. जाहिराती संपल्या की नायकाच्या अंगात शिरशिरी येते, मूठ हवेत हलते, लोक टाळ्यांचा ठेका धरतात आणि त्याला उठायचं बळ येतं. प्रायोजकांचं समाधान होईपर्यंत मात्र येत नाही.

मग आला तो सामना, ज्याच्यासाठी मी हे सगळं सहन करतो.

पोस्टरवर दोघांची नावं नव्हती. एकाच्या येण्याच्या वेळी तर जाहिरातच चालू होती, जाहिरात संपली तेव्हा तो आधीच रिंगमध्ये उभा. सुरुवातीलाच, रिंगच्या बाहेर उतरताना, त्याचा डावा गुडघा लोखंडी पायरीवर आदळला. कॅमेऱ्याने ते नीट टिपलंही नाही. प्रतिस्पर्ध्याने टिपलं. तिथून पुढे त्याने दुसरं काही केलंच नाही; तो गुडघा दोरात अडकवायचा, त्यावर बसायचा, तो पिळायचा. यात नवल नाही, असं बरेच करतात. नवल त्या मार खाणाऱ्याचं. त्याची सरशी सुरू झाली, लोक उठून उभे राहिले, तेव्हाही तो डाव्या पायावर भार देत नव्हता. उचलून आपटायचा डाव त्याने उजव्या पायावर तोल घेत केला आणि म्हणून तो थोडा वाकडा पडला. शेवटी तो सगळ्यात वरच्या दोरावर चढला. उडी मारायची, खालच्याचे खांदे मॅटला टेकवायचे, रेफ्रीची तीनपर्यंत मोजणी, संपलं. पण चढताना डावा पाय दुसऱ्या दोरावर ठेवला आणि तो तिथेच थांबला. तोंड वाकडं केलं नाही, गुडघा धरून ओरडला नाही, नुसता थांबला. पाय ऐकतोय का बघितलं आणि मग वर गेला. तेवढ्या वेळात खालचा माणूस उठला होता. तिथे तो हरला. पायरीवर आदळलेला गुडघा सामन्याच्या शेवटी हिशेबाला आला. हे सगळं आधी ठरलेलं असतं, कबूल; पण हे ठरवणारा माणूस आणि ते लक्षात ठेवणारा माणूस, दोघांनाही मी नमस्कार करतो.

आणि ठरलेलं म्हणजे न लागणारं, असंही नाही. रिंग म्हणजे साधारण वीस फूट लांब-रुंद लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कापड. त्यावर आठवड्यातून अनेकदा पाठीवर पडायचं. १९९८ च्या जूनमध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याच मिक फोलीला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. फोली उठून पुन्हा वर चढला, तेव्हा टपाची जाळी तुटून थेट रिंगमध्ये कोसळला आणि त्याचा दात नाकाशी जाऊन अडकला. निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षणाची तालीम घेता येत नाही.

पुढचा सामना "गाण्याने" संपला. खलनायक हरत होता, एवढ्यात त्याच्या मित्राचं गाणं वाजलं, नायकाने वळून दाराकडे पाहिलं, मागून खलनायकाने त्याची मोट बांधली, तीन. दर आठवड्याला हे होतं आणि दर आठवड्याला माणूस वळतो. मला कोडं पडतं ते दुसरंच. कुणाचा तरी घात करायला निघालेला माणूस आधी ध्वनिक्षेपणाच्या खोलीत जाऊन "माझं गाणं लावा हो" असं सांगतो कसा? आणि तिथला मनुष्य कारण न विचारता लावतो कसा?

शेवटचा सामना बेल्टसाठी. इथला नियम असा की चॅम्पियन नियमभंगामुळे बाद झाला तर सामना हरतो, बेल्ट हरत नाही. म्हणजे संकटात सापडलेल्या चॅम्पियनने सरळ रेफ्रीसमोर गुन्हा करावा आणि बेल्ट घेऊन घरी जावं. नेमकं तेच झालं. आणि सामना संपला म्हणून कुणी थांबलं नाही, कारण टेबल अजून शिल्लक होतं.

समालोचकांचं टेबल ज्यावर मोडायचं तो माणूस अर्धमेला झालेला असतो आणि मोडणारा संतापाने आंधळा. तरीही हा आंधळा माणूस आधी टेबलाचं झाकण काढतो, मग एकेक मॉनिटर उचलून बाजूला ठेवतो, वायरी सोडवतो, परवा तर त्याने समालोचकाची पाण्याची बाटलीही सरकवली. अर्धमेला या काळात पळून जात नाही. सामानसुमान आवरून झाल्यावर चॅम्पियनने नायकाला उचललं, टेबलावर घातलं आणि आपण रिंगच्या कडेवरून त्याच्यावर झेप घेतली.

टेबल मोडलं नाही.

नुसता ठक्क असा आवाज झाला. दोघं त्या टेबलावर मासळीसारखे पसरले. प्रेक्षागृहात काही क्षण कुणाला काय ओरडावं कळेना. "अरे देवा, दोन तुकडे झाले त्याचे!" हे वाक्य समालोचकाच्या तोंडून निसटलं होतं आणि ते आता त्या अखंड टेबलावर लोंबकळत होतं. चॅम्पियनने डोळे किलकिले करून टेबलाकडे पाहिलं. त्या रात्रीचा त्याचा सगळ्यात खरा अभिनय. मग तो उठला, बरगड्या धरून पुन्हा कडेवर चढला (आता खरंच दुखत असावं) आणि पुन्हा उडी टाकली. टेबलाचा एक पाय वाकला. बाकीचं टेबल जागच्या जागी. तेवढ्यावर कार्यक्रमाची वेळ संपली आणि पुढच्या आठवड्यात हाच सामना पुन्हा, अशी पाटी झळकली.

आता तारे. कुस्तीच्या सामन्यांना पाचपैकी तारे द्यायची पद्धत डेव्ह मेल्ट्झर या पत्रकारामुळे रूढ झाली. २०१७ च्या जानेवारीत टोकियोतल्या ओकाडा आणि ओमेगा या पैलवानांच्या सामन्याला त्याने सहा तारे दिले आणि पुढच्या वर्षी त्याच जोडीला सात. पाचपैकी सात देणारा मास्तर मला शाळेत भेटला असता, तर आज मी कुस्तीची परीक्षणं लिहीत बसलो नसतो. माझा हात आखडता आहे. भाषणाला एक. जोड्यांच्या सामन्याला दोन, दोन्ही आत्याचे. गाण्याने संपलेल्याला शून्य. गुडघेवाल्याला साडेचार, अर्धा कापला तो त्याला येताना न दाखवणाऱ्यांचा. आणि शेवटच्या सामन्याला दीड: अर्धा चॅम्पियनला, अर्धा नायकाला आणि अर्धा त्या टेबलाला, कारण पटकथा न वाचता आलेलं त्या रात्री ते एकटंच होतं.