मॅनेजरला नारळ देण्यापूर्वी

आपल्या भाषेची एक सोय फुटबॉलवाल्यांच्या अजून लक्षात आलेली दिसत नाही. कामाला सुरुवात करायची तर नारळ फोडतात आणि माणसाला कामावरून घालवायचं तर त्याच्या हाती नारळ देतात. नवा मॅनेजर (फुटबॉलात संघ निवडणारा आणि खेळवणारा मुख्य प्रशिक्षक) आणा नाही तर जुना घालवा, साहित्य एकच. तेव्हा तुमचा क्लब लागोपाठ तिसरा सामना हरला असेल आणि 'ठेवावा की घालवावा' या वादात उतरायची वेळ आली असेल, तर फारशी जमवाजमव करावी लागत नाही. थोडा सराव मात्र लागतो.

आधी मत ठरवा, पुरावे मागाहून गोळा करा. उलट क्रमाने गेलात तर हंगाम संपेपर्यंत मत बनत नाही आणि तोवर मॅनेजर गेलेला असतो. पक्ष दोनच आहेत: 'हटाव' आणि 'राहू द्या'. 'आणखी दहा सामने पाहू' म्हणणारा तळ्यात-मळ्यात गट दोन्हीकडून शिव्या खातो. तो बऱ्याचदा बरोबर असतो, म्हणून त्याचा विचार इथे केलेला नाही.

आता आकडे. आकड्यांची खरी करामत बेरजेत नाही, मोजायला सुरुवात कुठून करायची यात आहे. समजा बारा सामने झालेत: चार जिंकले, चार बरोबरीत, चार हरले. विजयाचे तीन आणि बरोबरीचा एक धरून गुण सोळा. सामन्यामागे सव्वा गुणाच्या जरा वर, म्हणजे ३८ सामन्यांत पन्नास-एक्कावन्न. अगदी मधला संघ. यावर भांडण काय करणार? पण त्याच बारातले शेवटचे पाच बाजूला काढा. त्यात तीन पराभव आणि दोन बरोबरी असतील तर गुण फक्त दोन. या गतीने हंगामाअखेर पंधरा गुण होतात आणि पंधरा गुणांत खालच्या लीगमध्ये ढकलले जाण्यापासून कुणीही वाचत नाही. घ्या, 'हटाव' तयार. 'राहू द्या'वाल्यांनी आधीचे सात सामने घ्यावेत: चार विजय, दोन बरोबरी, एक पराभव, चौदा गुण. सामन्यामागे दोन, म्हणजे ७६ गुण आणि चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची जागा. संघ तोच, मॅनेजर तोच, कात्री तेवढी वेगळ्या ठिकाणी चालवली.

यात एक पथ्य पाळा. त्या शेवटच्या पाचांपैकी तीन सामने तालिकेतल्या पहिल्या चार संघांच्या मैदानांवर झाले होते, हे स्वतःहून सांगू नका. समोरच्याने सांगितलंच, तर 'मोठ्या क्लबला कारणं शोभत नाहीत' एवढं म्हणून पुढे सरका.

त्यानंतर एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. हा आकडा तुमच्या बाजूने असेल तेव्हा ते शास्त्र असतं आणि विरुद्ध असेल तेव्हा 'गोल कागदावर होत नाहीत'. तो फुगतो कसा हे मात्र ठाऊक हवं. प्रत्येक फटक्याला गोल होण्याच्या शक्यतेएवढी किंमत देऊन बेरीज केलेली असते आणि त्यात एकट्या पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या किंचित वर धरतात. म्हणजे पंचांनी चेंडूला लागलेला एक हात पाहिला की दिवसभर काही न केलेल्या संघाच्या खात्यात पाऊण गोल जमा. दुसरं, पंधराव्या मिनिटाला दोन गोलांची आघाडी घेतलेला संघ मागे सरकून बसतो. समोरचा मग तासभर लांबून फटके मारतो आणि शेवटी एक्सजीत जिंकतो. तुमचा मॅनेजर जिंकूनही नालायक ठरवायचा असेल तर नेमका हाच सामना निवडा.

डावपेचांवर बोलताना कॉर्नरसारखा विषय नाही, कारण इथे चुकायची सोयच नाही. बचावपटू झोनल पद्धतीने आपापल्या जागी उभे होते आणि गोल झाला, तर म्हणा, 'माणूस धरायला हवा होता.' हे पटतंही, कारण हल्ला करणारा पाच-सहा पावलं धावत येऊन उडी मारतो आणि जागेवरून मारलेली उडी त्यापुढे ठेंगणी पडते. माणसामागे माणूस लावला होता आणि तरी गोल झाला, तर म्हणा, 'जागा धरायला हवी होती.' हेही पटतं, कारण समोरचे दोघे तुमच्या बचावपटूची वाट अडवतात आणि त्यांचा उंच सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, मोकळा सुटतो. बहुतेक संघ दोन्हींची मिसळ करतात: चार-पाच जण गोलसमोर जागेवर, दोन-तीन जण सगळ्यात धोकादायक डोक्यांच्या मागे. ही माहिती खरी आहे आणि वादात पूर्णपणे निरुपयोगी.

बदली खेळाडूंचं याहून सोपं. 'दहा मिनिटं उशीर केला' हे वाक्य कोणत्याही बदलाला चालतं. बदल पाच करता येतात, पण मध्यंतर सोडलं तर त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो. म्हणून मॅनेजर जोडी-जोडीने बदलतो आणि शेवटची संधी हाताशी राखतो, कारण तिन्ही संधी संपल्यावर एखाद्याचा स्नायू ताणला तर उरलेला वेळ दहा जणांनी काढायचा. हे घरी बसलेल्या माणसाला दिसायचं कारण नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट उंचच लागतो.

इतिहासाचा साठा दोन्ही पक्षांकडे भरपूर आहे. 'राहू द्या' पक्षाने बोलायला लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव घेणं बंधनकारक आहे. तपशील पाठ असावेत: नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, डिसेंबर १९८९ मध्ये स्वतःच्याच मैदानावर एका प्रेक्षकाने चादर फडकवली, 'तीन वर्षं सबबी आणि खेळ अजून भिकारच, टाटा फर्गी' अशा अर्थाची. पुढच्याच महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर मार्क रॉबिन्सच्या एकमेव गोलावर एफए कपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा सामना जिंकला, त्या हंगामात कपही जिंकला आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत इंग्लिश लीगची १३ विजेतेपदं. आवाज थोडा खाली आणून म्हणा, 'वेळ दिला म्हणून.' वेळ देऊनही ज्यांचं काहीच झालं नाही त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, आणि या युक्तिवादाचा सगळा जोर त्या विसरण्यावर आहे. फर्ग्युसन जुना वाटला तर आर्सेनलला आलेला आर्टेटा घ्या. आर्सेनल दोन हंगाम आठव्या जागी, २०२१-२२ चे पहिले तिन्ही सामने हरून तालिकेच्या तळाला, तिथून हंगामाअखेर पाचवं, आणि २०२२-२३ पासून लागोपाठ तीन हंगाम दुसरं. 'दुसरं' हा शब्द जरा भरभर उच्चारा.

'हटाव' पक्षाने करंडकाला घाबरू नये. करंडक जिंकला म्हणजे मॅनेजर वाचला, ही समजूत क्लबांनी स्वतःच केव्हाच निकालात काढली आहे. दी मात्तेओने मे २०१२ मध्ये चेल्सीला चॅम्पियन्स लीग मिळवून दिली, नोव्हेंबरात त्याला नारळ. रानिएरीने लेस्टरला २०१६ मध्ये लीग जिंकून दिली, ज्यावर हंगामाआधी सट्ट्यात पाच हजारास एक असा भाव होता. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, नारळ. सगळ्यात सुबक उदाहरण टॉटनमचं. पोस्टेकोग्लूने २१ मे २०२५ ला बिलबाओमध्ये युरोपा लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा जिंकली, क्लबचा १७ वर्षांतला पहिला करंडक. त्याच हंगामात लीगमध्ये २२ पराभव आणि वीस संघांत सतरावी जागा. ६ जूनला नारळ. या एका माणसावर दोन्ही पक्ष आयुष्यभर भांडू शकतात आणि दोघांकडेही पुरेसा माल आहे.

सर्वात महागात पडतं ते ठेवणंही नव्हे आणि घालवणंही नव्हे, अर्धवट ठेवणं. टेन हाख मॅनेजर असताना मँचेस्टर युनायटेडने मे २०२४ मध्ये एफए कप जिंकला, पण लीगमध्ये आठवं स्थान. क्लबने उन्हाळ्यात दुसऱ्यांची चाचपणी केली, मग जुलैत याचाच करार २०२६ पर्यंत वाढवला, त्याच्या पद्धतीला साजेसे खेळाडू घेतले आणि ऑक्टोबरअखेर त्याला घरी पाठवलं. पाठोपाठ आला आमोरिम, मागे तीन बचावपटू ठेवून ३-४-३ खेळवणारा. या रचनेत अख्खी कड एकट्या विंग-बॅकने सांभाळायची असते. युनायटेडकडे भरणा कडेने हल्ला करणाऱ्या विंगरचा, म्हणजे मागे धावायचा कंटाळा असलेल्या मंडळींचा. हंगामाअखेर पंधरावी जागा. खेळाडूंच्या खरेदीचा मोठा बाजार उन्हाळ्यात भरतो आणि नारळ हिवाळ्यात फुटतो, तेव्हा मधल्या काळात नव्या माणसाला जुन्याच्या यादीवर स्वयंपाक करावा लागतो. हा मुद्दा वादात काढू नका. त्याने मॅनेजर सुटतो आणि क्लब चालवणारे अडकतात. त्यांच्या नावाच्या घोषणा यमकात बसत नाहीत.

पैशांचाही विषय टाळावा. 'घालवा त्याला' म्हणायला काही पडत नाही, घालवायला पडतं. कराराचा उरलेला काळ गुणिले पगार हा सौद्याचा आरंभ. मग आधीच ठरलेली भरपाईची अट असेल तर ती, आणि त्याच्यासोबत आलेला सहायक, गोलकीपरचा कोच, सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री-किक वगैरेंचा) कोच, विश्लेषक, प्रत्येकाचा वेगळा करार. नवा माणूस दुसऱ्या क्लबच्या करारात असेल तर त्यांनाही मोबदला. चेल्सीने २०२२ मध्ये मॅनेजर पॉटर आणि त्याच्या सहकाऱ्यांसाठी ब्रायटनला दोन कोटी पौंडांच्या वर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. ३१ सामन्यांनंतर पॉटर गेला. त्यात हिशेबाची एक गंमत आहे. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खात्यात दाखवता येते, पण घालवलेल्या मॅनेजरची भरपाई त्याच वर्षाच्या तोट्यात येऊन बसते. तीन हंगामांत मिळून साडेदहा कोटी पौंडांच्या तोट्याची मर्यादा ज्या इंग्लिश प्रीमियर लीगने लावली होती, तिथे एक नारळ म्हणजे कधी कधी जानेवारीत न आलेला स्ट्रायकर. स्ट्रायकर का आला नाही, याबद्दल अर्थातच नव्या मॅनेजरला धारेवर धरा.

नारळ दिल्यानंतरचे पहिले पाच सामने हा 'हटाव' पक्षाचा सणाचा काळ. रानिएरीनंतर त्याचाच सहायक शेक्सपिअर आला आणि लेस्टरने लीगचे पाचही सामने जिंकले. 'बघा, माणूस बदलला आणि संघ बदलला!' इथे कुणी नेदरलँड्सच्या अभ्यासाचा विषय काढला तर त्याला बोलू देऊ नका. बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने तिथल्या लीगचे १९८६ ते २००४ चे निकाल तपासले. तेवढीच घसरगुंडी होऊनही ज्या क्लबांनी मॅनेजर ठेवला, ते क्लबही जवळजवळ तसेच सावरले होते. कारण साधं आहे: नारळ नेहमी खड्ड्याच्या तळाशी दिला जातो, आणि तळापासून रस्ता वरच जातो. जायबंदी खेळाडू परततात, अवघड सामने संपलेले असतात, खांबाला लागणारा चेंडू आत जायला लागतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याला तीन वर्षांचा करार मिळतो. शेक्सपिअरला तो जूनमध्ये मिळाला. ऑक्टोबरात त्यालाही नारळ.

वेळ कशी ओळखावी? संचालक मंडळाचा 'पूर्ण पाठिंबा' असल्याचं पत्रक निघालं की दिवस मोजायला लागा. नंतर आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी कधी ते पाहा: सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, नाही तर मार्चमध्ये. क्लब बऱ्याचदा तेव्हाच कापतात, म्हणजे नव्या माणसाला दोन आठवडे सराव मिळतो. अर्धा संघ आपापल्या देशाकडून खेळायला गेलेला असतो, त्यामुळे तो सराव मुख्यतः राखीव खेळाडूंना होतो, ते सोडा.

पर्यायाचं नाव विचारलं तर तीन अटी पाळा: तो माणूस मिळण्यासारखा नसावा, त्याला तुमच्या क्लबात यायची इच्छा नसावी, आणि त्याची खेळायची पद्धत तुमच्या संघातल्या एकाही खेळाडूला जमणारी नसावी. मिळण्यासारखं नाव घेतलंत तर तो खरंच येतो आणि मग हरतो.

राहता राहिला निषेध. विमानामागे फलक ओढायचा मोह होईल. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून आर्सेनलचा तेव्हाचा मॅनेजर वेंगर याच्याविरोधी फलकाचं विमान गेलं, आणि वेंगरच्या समर्थनाचं दुसरं विमानही त्याच सामन्यात फिरलं. खाली आर्सेनल १-३ ने हरत होतं. हा प्रकार खर्चिक, शिवाय फलक वाचायला मान वर करावी लागते आणि तेवढ्यात कॉर्नरवर गोल होतो. त्यापेक्षा चादर बरी. जुनी, शक्यतो गडद रंगाची नको, अक्षरं वीतभर रुंद आणि रंग पाण्यात न उतरणारा. 'हटाव' हा शब्द थेट चादरीवर रंगवा, चारही कडा दुमडून शिवा. मॅनेजरचं नाव मात्र वेगळ्या पट्टीवर लिहा आणि वरच्या बाजूला चार सेफ्टी पिनांनी टाचा.