ऑक्सिमीटरचा आकडा चांगला, म्हणजे बाळाचा श्वास ठीक?

‘ऑक्सिमीटरवर ९५ च्या वर आकडा दिसला की नवजात बाळाला श्वासाचा त्रास नाही, निर्धास्त राहा’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे चूक आहे, आणि अशा चुकीने उशीर होतो.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. तो टिकवायला बाळ किती झगडतंय, हे दाखवत नाही. शिवाय मोठ्यांच्या बोटाची क्लिप त्या इवल्या बोटावर नीट बसतच नाही. बाळांसाठी तळहाताला किंवा पावलाला गुंडाळायचा वेगळा सेन्सर असतो.

म्हणून आधी बाळाकडे बघा. अंगावरचं कापड बाजूला करा, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजा. ४० ते ६० श्वास ठीक. नवजात बाळ मधेच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा श्वास घेतं, त्याने घाबरू नका. पण थांबणं २० सेकंदांपर्यंत गेलं किंवा बाळ निळं पडलं तर धोका आहे.

छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येणं, ही सगळी झगडण्याची लक्षणं. डॉक्टर सिल्व्हरमन-अँडरसन गुणपद्धतीत (१९५६) हेच पाहतात. पाच लक्षणं, प्रत्येकी ० ते २ गुण. जन्मल्यावर लगेच बाळाची तब्येत पाहून देतात त्या अपगार गुणांच्या (तिथे जास्त गुण चांगले) इथे उलट असतं: शून्य उत्तम, दहा सर्वांत वाईट.

यातलं एकही लक्षण दिसलं, किंवा श्वास साठच्या वरच राहिले, तर आकडा कितीही असो, बाळाला लगेच दवाखान्यात न्या.