खारेपाटातले मीठ युरियाच्या गोणीतून आलेले नाही

पेण-अलिबागच्या खारेपाटातील, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीतील, भेगाळलेल्या शेताचे, वर पांढरा थर धरलेले उन्हाळ्यातले छायाचित्र आणि त्याखाली चार वाक्ये, असा एक संदेश मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: हा थर युरियाचा आहे, रासायनिक खत म्हणजे शेवटी मीठच, आणि त्यानेच किनाऱ्यावरची जमीन खारवली, तीन वर्षे खत बंद केले की जमीन गोड होते, तोवर हवे तेवढे शेणखत घाला आणि जिप्सम टाका. यातील प्रत्येक विधान तपासून पाहण्याजोगे आहे.

पांढरा थर युरियाचा असूच शकत नाही. ओल असलेल्या मातीत युरिया लगेच विरघळतो आणि जमिनीतील युरिएज या विकरामुळे काही दिवसांतच त्याचे अमोनियम कार्बोनेट होते. जुलै-ऑगस्टमध्ये भाताला दिलेला युरिया पुढच्या मे महिन्यात पापुद्रा होऊन वर येत नाही. वर येते ते खाडीचे मीठ. पाऊस संपला की खालचे खारे भूजल मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. म्हणूनच खार जमिनीचा खारटपणा एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असतो.

‘खत म्हणजे मीठच’ हे विधान अर्धे खरे असल्यामुळे जास्त फसवे आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. भाताला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश द्यायचे तर साधारण 217 किलो युरिया, 312 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 83 किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. म्हणजे सगळे मिळून सुमारे 612 किलो. आता खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडून उधाणाचे पाणी शेतात शिरले आणि केवळ एक सेंटिमीटर उंचीचे पाणी तिथेच जिरले असे धरा. एका हेक्टरवर ते एक लाख लिटर होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे त्या एका सेंटिमीटरने साडेतीन टन क्षार शेतात आणले. खाडीचे पाणी समुद्रापेक्षा थोडे सौम्य असते हे मान्य केले आणि आकडा निम्म्यावर आणला, तरी तो वर्षभराच्या खतापेक्षा जवळजवळ तिप्पट राहतो. शिवाय पोटॅशच्या त्या 83 किलोंत क्लोराइड सुमारे 40 किलो, तर समुद्राच्या साडेतीन टनांत ते 1,900 किलोंच्या वर आहे. संदेश लिहिणाऱ्याने उघाडीची, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडणाऱ्या बांधातल्या दाराची, झडप नीट बसते का, हे पाहायला हवे होते.

खताचा मातीच्या रसायनावर परिणाम होतच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. तो होतो, पण वेगळ्या दिशेने. युरियाच्या दाण्याभोवती सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) प्रथम थोडा वाढतो. पुढे जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटते. हे रूपांतर पूर्ण झाले, तर युरियातील प्रत्येक किलो नत्रामागे ते आम्ल मारायला सुमारे 1.8 किलो चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटच्या बाबतीत हाच आकडा 5.35 किलो आहे. कोकणच्या जांभ्या जमिनीत मुसळधार पावसाने चुना आणि मॅग्नेशियम आधीच धुपून गेलेले असतात, त्यामुळे वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, आंब्या-काजूच्या बागेत, ही चिंता खरी आहे. पाणी साठलेल्या भातखाचरात चित्र पालटते. तेथे प्राणवायू नसल्याने नायट्रेट फारसे तयार होत नाही, आणि लोहाच्या संयुगांचे क्षपण (रिडक्शन) होताना आम्ल खर्च होऊन सामू सातच्या दिशेने सरकतो. एकूण, आम्लता आणि खारटपणा हे दोन निराळे दोष आहेत. पहिल्यावर चुना लागतो, तर दुसऱ्यावर गोडे पाणी आणि निचरा; या संदेशाने दोन्हींची एकच मोट बांधली आहे.

तीन वर्षे खत बंद करून मीठ जाणार कुठे? ते पावसाने धुऊन जाते, आणि खारेपाटात हे दरवर्षी घडते. त्यामुळेच जुलैत तेथे भात उभे राहते. खत बंद केल्यावर ज्यांची जमीन खरोखर सुधारली, त्यांच्या बांधाची डागडुजी त्याच काळात झाली होती का, हे विचारून पाहावे. उपाशी ठेवलेल्या भाताचे उत्पन्न मात्र नक्की घटते. खताची नासाडी थांबवायची असेल, तर युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) भाताच्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मध्ये चिखलात खोचण्याची रीत ‘चारसूत्री’ या भातलागवडीच्या पद्धतीमुळे कोकणात परिचित आहे. फेकलेल्या युरियातून हवेत उडणारा अमोनिया त्यामुळे कमी होतो.

शेणखताने मातीची घडण सुधारते, हे निर्विवाद. पण त्यातही क्षार असतात, कोंबडीखतात तर अधिक. ‘हवे तेवढे’ हा सल्ला कोणत्याच खताला लागू नाही. जिप्समचा उपयोग मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवण्यापुरता आहे, म्हणजे मातीच्या कणांनी धरून ठेवलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या एकूण धनभारित आयनांत (कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादींत) त्याचा वाटा 15 टक्क्यांहून अधिक असेल तिथे. तिथेही सुटलेला सोडियम वाहून न्यायला पाणी आणि निचरा लागतोच. तुंबलेल्या उघाडीमागे टाकलेले जिप्सम पैसे वाया घालवते. आणि गंमत अशी की, ज्या रासायनिक खतांना हा संदेश दोष देतो, त्यांतल्याच सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत साधारण निम्मे जिप्समच असते.